मासे लागतायत, दोनला येतो

दुकानाच्या दारावर ही पाटी असायची,
पुठ्ठ्याची, सुतळीनं टांगलेली,
आणि खाली बारीक अक्षरांत:
घाई असेल तर किल्ली पायपुसण्याखाली,
घ्याल ते वहीत लिहा.

लोक लिहायचे.
दोन बिजागऱ्या. मूठभर खिळे. एक कडी.
कुणीतरी एकदा लिहिलं होतं,
काही घेतलं नाही, नुसता उबेला आलो होतो.

व्हर्लिन हाउगस्टाड. हार्डवेअर, रंग, गळाचं सामान.
उत्तर विस्कॉन्सिनमधलं गाव,
एक चर्च, एक चीजचा कारखाना,
बाकी सगळं तळं.

मी पहिल्यांदा गेले ती बर्फाचं फावडं घ्यायला.
नवऱ्याची नोकरी नवी, माझे बूट चुकीचे.
त्यानं विचारलं, घरात माणसं किती?
तीन म्हटलं, तर तीन फावडी ठेवली समोर,
तिसरं रेवतीच्या कमरेएवढं, लाल.
याचे पैसे नकोत, म्हणाला,
ती मोठी झाली की परत आणा,
दुसऱ्या कुणाच्या पोराला होईल.

ती मोठी झाली.
फावडं अजून आमच्या गॅरेजात आहे.

घर रस्त्यापलीकडे,
तरी रोज अकराला फोन करायचा आर्लिसला: खिडकीत ये.
ती यायची, हातात ओलं फडकं वगैरे,
हा इथून हात हलवायचा
आणि गिऱ्हाइकाकडे वळून, हं, किती इंची म्हणालात?

रंगाच्या डब्यांशेजारच्या खांबावर पेन्सिलीच्या रेघा:
डेल, जोलीन, मग नातवंडं,
आणि कोल्टनच्या वर बोटभर, रेवती.
मी न सांगता.

एका दिवाळीआधी माझ्या सोऱ्याची चकलीची चकती हरवली.
कागदावर काढून नेली.
कुठल्या मशीनमध्ये बसतं हे?
मी म्हटलं, खायच्या.
तीन संध्याकाळी मागच्या खोलीत कानस चालली होती,
चौथ्या दिवशी पितळेची चकती, मधोमध तारा.
पहिला घाणा काउंटरवर ठेवला मी.
त्यानं चकली बोटांत धरून फिरवली,
नखानं एकेक वेढा मोजला,
आटे चांगले पडलेत, म्हणाला,
आणि मग खाल्ली.

तळ्यावर मात्र बोलायचा नाही.
गोठलेल्या पाण्यावरच्या त्याच्या लाकडी खोपटात
आम्हाला नेलं होतं एकदा.
भोकाशी चौघं, थर्मास, दोन तास.
खालून बर्फाचा घुमल्यासारखा आवाज आला
तशी मी उठलेच.
बर्फ बोलतो तोवर बसावं, म्हणाला,
गप्प झाला की निघावं.
तेवढंच.

गेला तो मार्चअखेर,
जेव्हा तळ्यावर चालता येत नाही
आणि होडीही घालता येत नाही.
इस्पितळाची खिडकी पार्किंगकडे.
आर्लिसनं पलंग फिरवून घेतला,
म्हणाली, या बाजूनं एक झाड तरी दिसतं.

मे महिन्यात होडीतून राख सोडली. मीही होते.
माझी नजर जुन्या सवयीनं
कावळा शोधत राहिली काठावर.
नव्हता. एका लून पक्ष्यानं बुडी मारली,
आम्ही सगळे त्या जागेकडे बघत होतो
आणि तो भलतीकडेच वर आला.
डेल हसला. मग त्याला हसू आवरेना,
मग दुसरंच काहीतरी आवरेना.

दुकान आवरताना त्यानं मला फोन केला,
तुमच्या नावाचा एक खण आहे.

स्क्रूंच्या रांगेत, खालून तिसरा.
आत अकरा पितळी चकत्या.
पाच टोकांच्या, आठ टोकांच्या,
एकीचं भोक फाटलेलं, एकीचं वाकडं.
वर चिठ्ठी, त्याच त्या बारीक अक्षरांत:
मिसेस देवल. चुकलेले तारे.

मी सगळ्या घेऊन आले.
यंदा सात टोकांची लावून पाहिली.
चकली येते, पण वळत नाही,
तुटते.

तुकडे आर्लिसला नेऊन दिले.