अट क्रमांक अकरा

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला,
अबरवेनॉलच्या परिषदेत नियोजन समिती बसते.
मी इतिवृत्त लिहिते.
आपण बोलायचं नाही,
कोण काय बोललं तेवढं उतरवायचं.

विषय चौथा : प्राथमिक शाळेची नवी इमारत.

जुन्या शाळेमागं एक लाकडी खोली आहे,
सत्त्याऐंशी साली उभी केलेली,
पाच वर्षांसाठी, तात्पुरती.
तात्पुरत्याला मरण नसतं.
दर पाच वर्षांनी मुदतवाढ,
शेवटच्या तीन ठरावांवर अक्षर माझं.
त्याच खोलीत मी बेरजा शिकले,
छतातून बादलीत ठिबकणारे थेंब मोजत.
हातचा एक कुठं ठेवायचा
ते अजूनही कधीकधी विसरते.

आधी वटवाघळं.
बॉयलरच्या खोलीत सतरा आहेत,
मार्चपर्यंत त्यांची झोपमोड करता येत नाही,
कायदाच तसा आहे.
कुणीतरी म्हणालं, आमच्या वर्गातही तसेच सतरा आहेत.
हशा. तो मी लिहिला नाही.
मग गाड्या चौदा लावायच्या की एकोणीस,
यावर चाळीस मिनिटं काथ्याकूट.
अध्यक्ष एव्हियन गेथिन चष्मा पुसत राहिले,
पुसून झालेला.

मग नऊ नंबरच्या श्रीमती प्रॉबर्ट उठल्या.
लोकरीची टोपी, बंद खोलीतही.
तीन मिनिटं मिळतात, त्यांनी एकच घेतलं.
वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या खिडक्या
माझ्या बागेवर उघडतात, म्हणाल्या.
मला माझं खाजगीपण हवं आहे.
आणि बसल्या.

त्यांचं पत्र होतं माझ्याकडं, गोपनीय शिक्क्याचं.
त्यात लिहिलं होतं, औषधांनी केस गेलेत,
उन्हाचे चार दिवस येतात वर्षात,
तेव्हा मी टोपी काढून बसते.
मुलं वाईट नसतात. पण मुलं बघतात.

हात वर झाले, शाळेतल्यासारखे.
सात विरुद्ध चार. मंजूर.
अट क्रमांक अकरा :
पश्चिमेच्या सर्व खिडक्यांना दुधी काच,
जमिनीपासून एक मीटर सत्तरपर्यंत.

बागेपलीकडं खाडी आहे.
ओहोटीला होड्या कुशीवर पडतात
आणि वाळू मैलभर चमकत राहते.
एक मीटर सत्तर.
प्राथमिक शाळेत कुणीच एवढं वाढत नाही.
मीही एक बासष्टवर थांबले.

त्या रात्री निर्णयपत्र टंकताना
माझ्या हातून एक-शून्य-सात पडलं.
चूक होती.
चहा गार होईपर्यंत ती चूक
पडद्यावर तशीच ठेवली मी.
एवढ्या उंचीवरून पाच वर्षांचं पोर
टाचा उंचावून समुद्र बघू शकेल.
मग मला टोपी आठवली.
शून्य उचलून जागेवर ठेवलं.

तीन वर्षांनी गेले, अटींची पूर्तता तपासायला.
नव्या रंगाचा वास, रांगेत खुंट्या,
प्रत्येक खुंटीखाली एक नाव :
मॅक्सेन, टेगविन, ब्लॉडविन, इवान.
वरच्या मजल्यावर उजेड भरपूर,
दुधासारखा, कुठूनही न आलेला.
मी टेप लावली. एक मीटर सत्तर, बरोब्बर.

शेवटच्या खिडकीत, खाली,
कर्कटकाच्या टोकानं कुणीतरी
दुधी थर खरवडला होता,
नाण्याएवढा.
मुख्याध्यापक म्हणाले, नवी काच मागवलीय.
त्यांचा फोन वाजला, ते बाहेर गेले.

मी गुडघे टेकले, डोळा लावला.
बाग होती. गवत वाढलेलं.
खुर्ची मिटवून भिंतीला टेकवलेली,
तिच्या पाठीवर शेवाळ.
पलीकडं पाणी परतत होतं.

फॉर्मवर अकराच्या पुढं दोन चौकटी असतात.
मी "पूर्तता झाली" वर खूण केली.
शेऱ्याची जागा
कोरी ठेवली.