शेक

फॉर्मवर एक रकाना होता : पूर्वानुभव.
मी लिहिलं, नाही.
चार हजार भरले, पाच रविवारांचे.
खारच्या एका गच्चीवर
पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत आम्ही अकरा जण
आणि बारावा सानुसी दुंबुया, गिनीचा,
तळवे नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यासारखे.

तो तोंडानं शिकवायचा :
गुन् म्हणजे मधोमध, सगळा हात, आणि लगेच उचल.
गो, दो काठाला, बोटं मिटून.
पा, ता बोटं सैल, पाणी झटकावं तशी.
माझं पा गो व्हायचं.
माझं गो काहीच व्हायचं नाही.
मी आठवडाभर पॅथॉलॉजीत शिरा शोधते,
हाताला सवय हळू टोचायची,
माफी मागत टोचायची.
सानुसी म्हणाला,
जेंबे काही आजारी नाही.

दुसऱ्या रविवारी कापणीचा ताल.
शेत मोठं असतं, तो सांगत होता,
वाजवणारा बांधावर, कापणारे ओळीत,
कंबर बसायला लागली की ताल तिला उठवतो.
मी विचारलं, आणि वाजवणाऱ्याला काय मिळतं?
त्याला प्रश्नच कळला नाही.
जेवण, म्हणाला. सगळ्यांबरोबर.

सगळ्यांबरोबर.
हा एक शब्द मी बसमध्ये मांडीवर ठेवून
चेंबूरपर्यंत आणला.
कुणाला दाखवला नाही.

चौथ्या रविवारी समुद्रानं दगा दिला.
रात्रभर खारी हवा, चामडी सगळी उतरलेली,
थाप मारावी तर ओल्या पोत्यावर मारल्यागत.
शेजारचा लिननचा सदरा म्हणाला, हेअर ड्रायर आणू का?
कुणी फोनवर शोधायला लागलं.
सानुसी एवढंच म्हणाला : आग.
सेक्रेटरी जिन्यातूनच ओरडले, गच्चीवर आग चालणार नाही.

मी कधी उठले ते आठवत नाही.
वॉचमनकडून घमेलं, खालून रद्दी,
कोपऱ्यातल्या नारळाच्या शेंड्या.
काका, पाच मिनिटं.
आणि जेंबे आडवा धरून
चामडं जाळाला नाही,
जाळावरच्या हवेला दाखवत
फिरवत राहिले, मधे मधे टिचकी,
बसका, बसका, अजून बसका,
मग खण्ण.

मे महिना. चुलता. पाचटाचा जाळ.
मी सात वर्षांची, काडी काडी सारणारी,
हलगी आता तापली हे
त्याच्या आधी मला कळायचं.
आबांनी हलगी सोडली ती मुंबईला येऊन नव्हे,
गावातच, वेशीत ठेवून, दिवसाढवळ्या.
चुलत्यानं ती उचलली.
त्यावरून दोघे भाऊ एकोणीस वर्षं बोलले नाहीत,
आणि दोघंही बरोबर होते
असं मला अजून वाटतं.

सानुसीनं काठावर एक बोट वाजवलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
तुझ्या घरी कोण?
बाकीचे दहा जण गप्प.
रद्दीची राख उठून टाक्यांवर बसत होती.
चुलता, मी म्हणाले.
मग थोड्या वेळानं : आणि बाप.

रात्री आबांना सांगितलं.
पंपिंग स्टेशनावरून निवृत्त, एका कानानं कमी.
त्यांनी आधी विचारलं, किती भरलेस?
चार हजार.
हसले. खोकला येईपर्यंत हसले.
आम्हाला शिळी भाकर टाकायचे, लांबून,
आणि तू पैसे देऊन बसतेस!

मग बराच वेळ नुसता पंखा.

मग, चामडं कसलं?
बकरीचं.
हात बघू.
मी तळवे पुढे केले, लाल, बोटांच्या मुळाशी सुजलेले.
त्यांनी पाहिलेच नाहीत. नाकाशी धरले,
डोळे मिटून धूर हुंगला
आणि म्हणाले,
थोडं जास्त शेकलंस.