मीठ जांभळं झालं नाही

आधी मला तिचे मणी दिसले, गळा नंतर.
सुरगाण्याच्या बाजारात मणी ओवणारा बसतो,
त्याच्याकडे ती दर वर्षी यायची
गळसरी घट्ट झाली म्हणत.
दोन काळे, एक सोनेरी, पुन्हा दोन काळे.
तो म्हणायचा, पोरी, तब्येत सुधारली गं तुझी.

गिरिजा महाले. आंबेपाडा. वय चोवीस.
लग्नाला सहा वर्षं. दोनदा दिवस गेले
आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात
स्ट्रॉबेरीच्या सरीत ती मटकन खाली बसली.
पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी साठ.
एप्रिलात थंडी वाजते म्हणायची.
पाड्यावर ह्याला आळस म्हणतात.

माझ्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, पट्टी, वही
आणि मीठ तपासायची बोटभर बाटली.
चिमूटभर मीठ, एक थेंब.
आयोडीन असेल तर जांभळं होतं,
करवंद चिरडल्यावर बोटाला राहतं तसं.
शाळेत दाखवलं की पोरं टाळ्या वाजवतात,
पुन्हा कर, आशाताई, पुन्हा कर.

गिरिजाच्या घरी मीठ चुलीला टेकून,
उघड्या गाडग्यात, खडे, वर राखेची साय.
धरमपूरकडून टेम्पो येतो, त्यातलं.
पुडीतलं मीठ खारटच नाही, सासू म्हणाली.
मी खडा कुटला, थेंब टाकला.
ओला झाला. तेवढंच.
नियम आहे म्हणून दुसऱ्या बाटलीतला टाकला,
त्यावर पुन्हा पहिला.
पांढरं.
मी इतका वेळ वाकून बघत राहिले
की गिरिजानंच विचारलं,
मेलं का काय ते?

मी सांगितलं ते असं,
की ह्या डोंगरांवरून पाणी धावतं ते
मातीतलं बारीकसारीक घेऊन खाली जातं.
नागलीत उतरत नाही, उडदात उतरत नाही.
मग गळ्यातली गाठ त्या कणासाठी
हात पसरत पसरत वाढते,
आणि तरी पोटाला निरोप पोचत नाही.
दिवस चुकतात. राहिलेलं टिकत नाही.
हे खरं. पण हिचं कारण हेच,
असं मी कोण सांगणार?
रक्त तपासायला नाशिकला जावं लागेल, सिव्हिलला,
आणि यशवंतालाही यावं लागेल.
यशवंता उठून मोटर बघायला गेला.
वीज नव्हती.

देवकाबाई चुलीपुढून हलली नाही.
माझी चार गेली, म्हणाली.
पाचवा झाला तो कधी बोललाच नाही.
अकरा वर्षं बकऱ्यांमागं हिंडला,
हाक मारली की नुसता हसायचा.
तुमचं हे पाणी तेव्हा कुठं होतं?

बाटलीवर मुदतीची तारीख असते.
ती मी उगाच वाचली.

मग तिनं गाडगं दोन्ही हातांनी उचललं,
चुलीपासून लांब, कणगीपाशी ठेवलं,
झाकण शोधलं, सापडेना,
तर परात पालथी घातली त्यावर.
आत झाकण्यासारखं काही नव्हतं.
मी बोलले नाही.

गुरुवारच्या पहिल्या एसटीत
गिरिजा खिडकीशी, मधे मी,
आणि यशवंताच्या जागेवर देवकाबाई,
मांडीवर भाकरीचं फडकं.
वणी मागं पडल्यावर
तिनं माझ्या पुढून हात नेला,
सुनेच्या गळसरीखाली दोन बोटं घालून पाहिली.
जाईनात.
उतरव, म्हणाली. आणून दे इकडं.
गिरिजा माझ्याकडे बघायला लागली,
नवरा असताना कसं,
सासूच सांगते तर कसं.
मी काही सांगायच्या आत
म्हातारीनं स्वतःच फासा सोडला,
मणी रुमालात बांधले, कमरेला खोचले.

गळ्यावर दोऱ्याची रेघ उमटलेली, लालसर.
दिंडोरीत गाडी दहा मिनिटं थांबली.
गिरिजा उपाशीपोटी होती, रक्त द्यायचं होतं,
म्हणून आम्हीही कुणी चहाला उतरलो नाही.