पेर

मराठीत अजून बांबूउडीच म्हणतात तिला,
काठी फायबरची झाली तरी.
मला बरं वाटतं. निदान शब्दात तरी
बुरुड आळीचा वास उरलाय,
ओल्या कळकाचा, हिरवा, किंचित आंबूस.

पहिली काठी आबांनी निवडली.
एकेक वाजवून बघत होते बोटानं,
कान लावून.
'कळक नको, मोडताना सांगत नाही.
मेस घे. ती आधी कुरकुरते.'
बुंध्याला तार गुंडाळली, धरायच्या जागी
सायकलची जुनी ट्यूब,
आणि मग विचारलं,
'पण ओलांडायचंय काय?'

मला उत्तर आलं नाही.
काय असतं ओलांडायला सणस ग्राउंडवर?
दोन खांब, मधे आडवी दांडी,
पलीकडे तीच माती
आणि लाकडाच्या भुशाची पोती.

दाभाडे सर म्हणाले, सांग वडलांना,
लांब कुठं तरी पाणथळ मुलूख आहे,
रानात वाटांपेक्षा चरच जास्त.
माणसं काठी घेऊनच शेतावर निघायची.
चर आला की मधोमध रोवायची
आणि पलीकडे. पाय कोरडे.
पुढे कधी तरी कुणी तरी
पाणी नसलेल्या जागी काठी घेऊन उभा राहिला
आणि वर बघितलं.

आबा म्हणाले, 'हडपसरला चारी ओलांडायला
आम्ही हेच करत होतो की.
फक्त परत यायचं असायचं,
म्हणून काठी सोडत नव्हतो.'

पीएमटीत घेत नसत आम्हाला.
काठी सायकलला बांधून आबा पुढे, मी मागे,
मंडईपाशी एका म्हाताऱ्यानं
हात जोडले, टोपी काढली.
त्याला वाटलं, तिरडीचा बांबू.
आबा हसले नाहीत. म्हणाले,
'गिऱ्हाईक कुठलंही असो, सरळच लागतो.'

सोळा पावलं.
काठीचं टोक उंच, मग खाली येत येत
हात कानावरून वर,
टोक खोबणीत खट्.
धावणं तिथंच संपतं. जातं कुठं ते?
पाय वर, डोकं खाली,
पर्वती उलटी टांगलेली,
मग पोट वळवून दांडीवरून जाताना
काठीला मागे एक ढकल, अगदी बोटांनी.
ही ढकलच मला दोन वर्षं जमली नाही.
जिनं वर आणलं तिला सोडायचं,
तेही दांडीवर न पाडता.
मी धरूनच ठेवायचे,
आणि दोघी मिळून खाली.

बालेवाडीला आबा एकदाच आले.
माइकवर माझं आडनाव चुकलं.
ते माझ्याकडे बघतच नव्हते,
नव्या काठीवरून हात फिरवत होते,
वरून खाली, खालून वर.
'यात पेर नाही?'
नाही.
'मग ही थांबते कुठं?'

त्या दिवशी तीन दहा गेले मी.
तीन वीसला तिन्ही वेळा दांडी पाडली,
फोमवर पडून बघत राहिले तिला लटपटताना.
या खेळात पहिली आलेलीही
शेवटी पाडूनच घरी जाते.
आबा पदक हातात घेऊन म्हणाले,
'तीनदा पाडलीस, तरी पहिला नंबर?'
आणि बसमध्ये कात्रजपर्यंत झोपले.

मेसकाठी दोन पावसाळे माळ्यावर पडून होती.
एका सकाळी आबांनी कोयता घेतला,
माझ्याकडे बघितलं.
मी मान हलवली.
पहिला घाव पेरावर.
फुटायच्या आधी कुरकुरली,
सांगितल्याप्रमाणे.

तिचं सूप झालं.
एका कामटीवर ट्यूबचा काळा डाग अजून आहे.
आई दुपारी त्यात तांदूळ पाखडते,
मनगटाचा एक झटका,
दाणे वर जातात,
थांबतात