नववा रकाना

वर्षातून एकदा, ऑगस्ट सरताना,
रस्तेखात्याची नारिंगी गाडी घेऊन मी इथे येते.
पूल क्रमांक सदतीस. लांबी तीनशे चाळीस मीटर.
रुंदी एका वेळी एकच गाडी जाईल इतकी.
हातोडीनं बोल्ट ठोकायचा आणि ऐकायचं:
पक्का असेल तर खणखणीत बोलतो,
सैल असेल तर घसा बसल्यासारखा.

फॉर्ममध्ये नववा रकाना – पाण्याची पातळी.

नदी सोळा वर्षांपूर्वी गेली.
वरची हिमनदी मागे सरली
आणि हिनं रातोरात
पश्चिमेकडच्या शेजारणीचं पात्र धरलं.
बदलीचा हुकूम नाही, रजेचा अर्ज नाही,
कार्यभार कोणाकडे सोपवलेला नाही.
खाली आता काळी रेती, रेतीत जांभळी लुपिनं,
आणि बाविसाव्या खांबाला पाठ घासणारी
हाल्लाची मेंढी.

रेक्याविकहून क्यार्तानचा फोन येतो.
'रकाना रिकामा ठेवलात?'
शून्य लिहावं तर तो म्हणतो,
शून्य म्हणजे मोजायला कोणी गेलंच नाही असं धरतात.

माझे वडील याच खात्यात मुकादम होते.
त्यांनी हे खांब उभे केले तेव्हा
पाणी इतकं गढूळ होतं, की बुडालेला माणूस
हातभर अंतरावर असून दिसला नसता.
एक दिसला नाहीच.
त्याचं नाव पुलावर नाही. वडील जेवताना घ्यायचे कधीतरी,
मीठ मागावं तसं, सहज.
मग आमच्यापैकी कोणीच काही मागायचं नाही.

पुलाच्या आधी ब्यार्तमार होता,
आणि त्याचा ग्राउनी नावाचा घोडा.
उतार रोज नवा असायचा, म्हणतो तो,
काल जिथून गेलो तिथे आज घोडा पाय टाकायचा नाही.
डॉक्टर, टपाल, शिवणयंत्र, एक नवरी –
सगळं त्यानं छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं,
आणि पूल झाला त्या दिवशी
फीत कापताना मागे उभा राहून
टाळ्या वाजवल्या. हातमोजे घालून.
आवाज आला नाही.

आता एक्याण्णव वर्षांचा आहे.
मी त्याच्याकडे कॉफीला थांबते.
तो दरवर्षी एकच विचारतो,
'आली का?'
मी हिमनदीचे आकडे सांगते, उपग्रहाचे नकाशे सांगते.
तो साखरेचा खडा दातांत धरून ऐकतो
आणि म्हणतो, 'बरं. पण पूल काढू नका.
घरी यायचं आणि दार नाही, असं नको व्हायला.'

पूल पाडायचा प्रस्ताव माझ्याच बॅगेत आहे, हे त्याला सांगत नाही.
लोखंडाला भाव आलाय.
शेजारणीच्या पुलाला तुळया कमी पडताहेत,
तिच्यात आता दोघींचं पाणी.

परत येते तर पलीकडच्या टोकाला दुधाचा टँकर.
नियम असा, की जो आधी पोचला तो आधी.
मी आधी पोचलेय. तरी दिवे मिचकावून त्याला ये म्हणते,
आणि गाडीतून उतरून कठड्यावर हात ठेवते.
चाकं फळ्यांवर चढतात
आणि सगळा पूल
तळव्याखाली थरथरतो.

बोल्ट एकशे चौदा सैल. आवळला.
रंग उडालेला, सहावा गाळा.
नववा रकाना: बाहेरगावी.
खाली सही, तारीख.

फॉर्म उद्याच्या टपालानं जाईल. क्यार्तान फोन करेलच.