सहावीचा रकाना

रुवीतलं घर. जेवणाच्या टेबलावर
दोन शाळांची माहितीपत्रकं, वरणाचा एक डाग.
मी वहीत उभी रेघ मारतो:
इकडे फ्रेंच, नवी प्रयोगशाळा, बस बारा रियाल;
तिकडे अरबी, संस्कृत,
आणि गणिताच्या बाईंचा दरारा.
ही म्हणते, फ्रेंच. पुढे कामाला येईल.
पुढे म्हणजे कुठे,
ते दोघांनीही विचारलं नाही.

शर्वाणी खालून साबण घेऊन आली.
"सालिमकाका साबूनच म्हणतात! दुकानाला दुक्कान,
हिशेबाला हिसाब.
आणि बाबा, सहल म्हणजे काय, माहितीये?
सोप्पं!"

सहल.
अकरा वर्षं झाली इथे.
रेघ खोडायला गेलो,
तर पेनाने मारलेली.