मधलं नाव

लाइपझिगच्या नोंदणी कार्यालयात
चष्मा कपाळावर सरकवून बाई म्हणाल्या होत्या,
मुलीला पुरुषाचं नाव कशाला?
तिचं नाही हो, बापाचं आहे, मी म्हटलं,
आमच्यात मधे बाप असतो.
रानडे इन्स्टिट्यूटच्या दोन परीक्षांमध्ये
यापेक्षा जास्त जर्मन बसत नव्हतं.
त्यांनी मान हलवली, बापाला वगळलं,
आणि दाखला छापला: शाल्मली ढमढेरे.
वाचून दाखवताना दोनदा अडखळल्या.
दोन ढ, दोनदा.

इथे मधल्या नावाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.
रकान्याशेजारी लाल चांदणी लुकलुकते.
जन्मस्थळाच्या यादीत जिल्हा निवडा म्हणतात,
ल वर लातूर आहे.

म्हणून शिवाजीनगर कोर्टाबाहेर
नोटरी कुलथे यांच्या पत्र्याच्या टेबलाशी मी.
सोपं आहे मॅडम, ते म्हणतात,
ही आणि ती एकच, एवढंच लिहायचं.
मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
शाल्मली ढमढेरे आणि शाल्मली हृषीकेश ढमढेरे
ही एकच व्यक्ती आहे.
एकच व्यक्ती, वय अकरा महिने,
खाली दोन दात, वर एक येऊ घातलेला,
माझ्या कडेवरून कुलथ्यांच्या शिक्क्यावर झेपावणारी.

काल दवाखान्यात सिस्टरनी तिचा डावा दंड
उजेडात फिरवून पाहिला.
बीसीजीचा व्रण कुठाय?
तिकडे देत नाहीत.
का, तिकडे कुणी खोकत नाही?
पिवळी पुस्तिका त्यांनी उलटी धरली, सुलटी धरली,
आणि आपलं नवं कार्ड काढून पहिल्यापासून लिहायला घेतलं.
मधलं नाव त्यांनीही विचारलं.

तिथे दर महिन्याला तिच्यापायी पैसे यायचे.
किंडरगेल्ड.
आई फोनवर विचारायची, पण कशाबद्दल?
जन्मली त्याबद्दल.
अगं पण काम काय केलं तिने?
काही नाही.
आणि परत नाहीत द्यायचे?
नाही गं.
मार्चमध्ये आम्ही दोघी पुण्याला आलो.
मे महिन्यात त्या खात्याचं पत्र गेलं त्याच्याकडे,
फोटो काढून त्याने मला पाठवला:
मूल आपल्यासोबत एकाच घरात राहते काय?
होय. नाही.
दोन चौकोन, आपल्या दुधाच्या दाताएवढे.
दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो आला.
फुली नीट चौकोनाच्या आत होती,
त्याचं अक्षर पहिल्यापासूनच चांगलं.
दोन महिन्यांचे पैसे परत करावे लागले.
आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याचं कंत्राट जूनपर्यंत होतं.
मग सप्टेंबरपर्यंत.
आता तो तारीख सांगत नाही, मी विचारत नाही.
जिथे काय लिहावं कळत नाही
तिथे मी लिहिते, लागू नाही.

वडील? कुलथे विचारतात.
आहेत.
आहेत ते झालंच, सहीला येतील का?
मी काहीच बोलत नाही.
ते टोपण लावतात, काढतात.
मग म्हणतात, आई आहे ना, चालतं.
आणि शाल्मलीच्या हातातून शिक्का सोडवून
हृषीकेशच्या किंचित वर उमटवतात,
गोल, जांभळा, अर्धा फिका.

समोरच्या झेरॉक्सवाल्याची पाटी:
मूळ प्रत काचेवर विसरून गेल्यास
ती सांभाळत बसणे हा आमचा धंदा नाही.
मी तीन संच काढले, सुटे दिले,
संचेती पुलापर्यंत चालत गेले
आणि पिशवीत हात घातला.

परत धावले ती पोरीला छातीशी घट्ट धरून,
तिला वाटलं खेळच चाललाय, खदखदून हसली.
झाकण मीच उचललं.
दाखला तिथेच होता,
पालथा, तोंड काचेकडे,
ती झोपते तसा. कोमट.

झेरॉक्सवाल्याने मान वर केली नाही.
पाटी मराठीतच आहे, म्हणाला.